आठवा गडी

आम्ही जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहोत. राहायला तालुक्याच्या गावी, त्यामुळे रोज एसटीने जाऊन-येऊन. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात आमच्याच घरातला एक मुलगा आहे आणि त्याचे सोबती आहेत. त्यांना कोणी रस्त्यात थांबवून चिडवावे असे आम्हाला वाटत नाही.

मिलच्या फाटकाबाहेर चहाची एक टपरी आहे. पाळी सुटली की दहा-पंधरा जण तिथे टेकतात. वर्षभर तिथे पगार, ठेकेदार आणि लग्नाच्या तारखा एवढेच विषय चालतात. पण पावसाळा सरला आणि कॉलेजांच्या कबड्डीचे दिवस आले की सगळे मागे पडते. आमच्या तालुक्याचे कॉलेज आणि जालना शहरातले एक कॉलेज यांची जुनी चुरस आहे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हे दोन संघ समोरासमोर आले की फाटकावर सरळ दोन तट पडतात. शहरातले एका बाजूला, एसटीने येणारे दुसऱ्या बाजूला. हरणाऱ्या तटाने सगळ्यांना चहा आणि भजी द्यायची. पैशाची पैज आम्ही लावत नाही. जुगारात घरे बसलेली आम्ही लहानपणी पाहिली आहेत. चहा-भज्यांना मात्र कोणाच्या बायकोची हरकत नसते.

या टपरीवर आमच्या शब्दाला थोडी किंमत आहे, कारण आमचे भाकीत सहसा चुकत नाही. त्याचे श्रेय आमचे नाही. शाळेत आम्हाला खेळाचे एक मास्तर होते. आम्ही पोरे चढाई करणाऱ्याच्या मागे वेडी होतो. मास्तर म्हणायचे, अरे, टाळ्या चढाईला वाजवा, पण निकाल सांगायचा असेल तर कोपरे बघा, आणि कोपरे बघून झाले की बाकावर कोण बसलंय ते बघा. तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. सामन्याआधी दोन्ही संघांची नावे लिहायची, कोण कुठे उभा राहतो ते लिहायचे, आणि खाली एक रेघ मारून राखीव गड्यांची नावे लिहायची. बाकीचे लोक रेघेच्या वर बघतात, आम्ही रेघेच्या खाली बघतो.

हे पान आमच्या माय-बहिणीही वाचतात आणि सगळ्यांनी मैदान पाहिलेले असतेच असे नाही, म्हणून थोडे समजावून सांगतो. कबड्डीत संघ बारा जणांचा. मैदानात सात उतरतात, पाच बाहेर बसतात. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत होतो, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. समोरचा गडी दम भरत चढाईला येतो आणि त्याला तीस सेकंद असतात. त्याला अडवायला सात जणांची फळी उभी असते. फळीच्या दोन टोकांना जे उभे असतात ते डावा कोपरा आणि उजवा कोपरा. चढाईवाला आत शिरला की घोट्याला किंवा मांडीला हात घालायचे काम बहुतेक करून कोपऱ्याचे. त्याच्या शेजारचा गडी त्याचा हात धरून असतो, त्याला साखळी म्हणतात. कोपऱ्याने पाय धरायचा आणि साखळीने अंगावर जाऊन त्याला मागे रेटायचे. यात अर्ध्या क्षणाचा जरी फरक पडला तरी चढाईवाला दोघांनाही ओढत मधल्या रेषेला हात लावतो आणि दोघेही बाद होतात.

आता यात बाकाचा संबंध कुठे येतो? चढाईवाला एकटा जातो आणि एकटा येतो. तो दमला तर दुसरा पाठवता येतो, तो फार तर दोन गुण कमी आणेल. कोपऱ्याचे तसे नाही. कोपरा बदलला की एक नव्हे, दोन माणसे बदलतात, कारण साखळीतल्या शेजाऱ्याला नव्या हाताचा अंदाज नसतो. शिवाय कोपऱ्याला दुखापतीचा धोका असतो. सगळे अंग दुसऱ्याच्या पायावर टाकायचे म्हणजे स्वतःचा गुडघा आणि खांदा पणाला लागतो. त्यात कॉलेजच्या स्पर्धा दोन दिवसांत उरकतात. सकाळी एक सामना, दुपारी एक, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. शेवटच्या सामन्यात पहिल्या सातांपैकी निदान एक जण लंगडत असतोच. तेव्हा रेघेच्या खाली कोण आहे, यावर निकाल फिरतो. आमच्या वहीचे शास्त्र एवढेच.

मोठ्यांच्या खेळातही हेच दिसते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्णपदक दरवेळी भारताचेच. २०१८ साली जाकार्ताला संघ गेला तेव्हा फाटकावर कोणी पैजच घ्यायला तयार नव्हते. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, आपला रिशांक देवाडिगा, म्हणजे चढाईवाल्यांची रांगच रांग होती. आम्ही त्या वेळी वहीत लिहून ठेवले होते की चढाईत पाच माणसे जास्त आहेत आणि कोपऱ्यात दोन कमी आहेत. उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले. इराणच्या डाव्या कोपऱ्यावर फजल अत्राचली होता. त्याच वर्षी प्रो कबड्डीच्या लिलावात त्याला एक कोटी रुपये मिळाले होते, आणि ते चढाईसाठी नव्हे, तर पाय धरण्यासाठी. त्या दिवशी टपरीवर आम्हाला फुकट चहा मिळाला, पण तो गोड लागला नाही.

आमचा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कामाला आहे. त्याला अमेरिकेतला कॉलेजचा फुटबॉल बघायची सवय लागली आहे. त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, आपला नव्हे. त्यात मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांची शंभर वर्षांहून जुनी दुश्मनी आहे आणि सामन्याला लाखभर माणूस जमतो. तिथेही चेंडू घेऊन पळणाऱ्याचे कौतुक होते, पण पुढे पाच दांडगे गडी ओळीने उभे राहून वाट अडवतात त्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात. भाच्याने सांगितले की ३० नोव्हेंबर २०२४ च्या सामन्यात सगळे जाणकार ओहायो स्टेटला सुमारे वीस गुणांनी सरस धरून चालले होते. पण त्यांच्या त्या पुढच्या ओळीतले दोन मुख्य गडी आधीच्या आठवड्यांत जायबंदी होऊन बसले होते. मिशिगनची पुढची ओळ भक्कम होती. ओहायो स्टेट आपल्याच मैदानावर १०-१३ असा हरला. मग गंमत अशी, की तोच ओहायो स्टेट पुढे जानेवारीत सगळ्या देशाचा विजेता झाला. भाचा म्हणाला, "मामा, तुमची वही तिकडे पाठवायला पाहिजे." आम्हाला अर्थातच बरे वाटले. माणसाला आपले शास्त्र सातासमुद्रापार खरे ठरलेले आवडतेच, आणि तिथेच आमची चूक सुरू झाली असे आता वाटते.

कारण २०२५ साली आमच्या वहीतल्या रेघेच्या खाली, सगळ्यात वर, आमच्याच मुलाचे नाव होते.

मुलगा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षे संघात आहे, पण डाव्या कोपऱ्यावर त्याच्यापेक्षा चांगला एक मुलगा आहे म्हणून हा बाहेर बसतो. सामन्याला जातो, पाण्याच्या बाटल्या भरतो, गड्यांचे टॉवेल सांभाळतो आणि परत येतो. दोन वर्षांत तो मैदानात एकूण अर्धा तासही उभा राहिला नसेल. एसटीचे भाडे, गुडघ्याचा पट्टा, बूट हा खर्च मात्र पुरता. आम्ही नवराबायकोने एका रात्री हिशेब मांडला होता. मिलमध्ये ठेकेदाराकडे हेल्परची जागा निघणार होती. आम्ही ठरवले, हे वर्ष खेळू द्यायचे आणि मग बास. कॉलेज बाहेरून करता येईल. मुलाच्या मनात पोलीस भरती आहे, पण भरतीची वाट पाहणारी पोरे आमच्या वस्तीत घरटी एक आहेत. मुलाला हे आम्ही अजून सांगितले नव्हते. त्याच्या आईला सगळा निर्णय पटला होता असेही नाही. ती फक्त म्हणाली होती, "तुमच्या वहीत लिवलं का हे पण?"

त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने जे केले ते सगळ्यांना आठवत असेल. जालना जिल्ह्यातही सोयाबीन पाण्यात कुजले, कपाशी काळी पडली. ज्या घरांचे थोडे रान होते तीही घरे उघडी पडली. दिवाळी झाली तशा ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमच्या कॉलेजच्या बारा गड्यांपैकी दोन जण आईबापांबरोबर कोयता घेऊन पश्चिमेकडे गेले. एकाचे लग्न ठरले. एक चढाईवाला, तोही दुसऱ्या क्रमांकाचा, पेट्रोल पंपावर रात्रपाळीला लागला, पण त्याने खेळ सोडला नाही. कागदावर बारा नावे होती, प्रत्यक्षात उरले दहा. सात मैदानात, तीन बाहेर, आणि त्या तिघांत आमचा मुलगा आणि पहिल्या वर्षाची दोन पोरे, ज्यांना अजून मिशी फुटायची होती. जालन्याच्या कॉलेजकडे मात्र चौदा जण सरावाला यायचे आणि त्यांच्याकडे मॅट होती. आमची पोरे मातीत खेळतात.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात टपरीवर सगळ्यांनी विचारले, "काय भाऊ, वही काय म्हणते?" आम्ही ऐटीत सांगितले, "आपले सात चांगले आहेत. त्यांच्यापेक्षा बरे आहेत म्हणा. पण सातांच्या मागं काहीच नाही, सगळं पोकळ. पहिला डाव आपला, दुसरा त्यांचा. चार-पाच गुणांनी जातो आपण." आम्ही एसटीवाल्यांच्या तटातले असून आमच्याच कॉलेजविरुद्ध बोललो, म्हणून सगळे हसले. कोणीतरी मोबाईल समोर धरला होता. आम्हाला वाटले फोटो काढतोय.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो तर मुलगा जेवत होता. नेहमी तो आम्ही आलो की "आप्पा, आज काय झालं मिलमंदी" म्हणून विचारतो. त्या दिवशी ताटावरून मान वर केली नाही. हात धुतला आणि बाहेर गेला. आम्ही त्याच्या आईकडे पाहिले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरांच्या ग्रुपवर आलंय तुमचं भाषण. सगळ्या टीमनं ऐकलं."

"मी संघाचं बोललो, त्याचं नाही."

"सातांच्या मागं काहीच नाही म्हनले ना तुमी? मग सातांच्या मागं कोन हाय?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. वाचकहो, आम्ही वीस वर्षे ती वही लिहितो आहोत. राखीव गडी म्हणजे आम्हाला एक आकडा होता. पाच असले तर बरे, तीन असले तर वाईट. त्या आकड्याला घरी चटणी-भाकरी खाताना आम्ही पहिल्यांदा पाहिले. चार दिवस बापलेकांत अवाक्षर झाले नाही. आम्हीही हट्टी, काही बोललो नाही. एकदा वाटले माफी मागावी, पण मग वाटले की खोटे तर काही बोललो नव्हतो.

सामन्याच्या दिवशी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्याची आईही आली. ती कधी मैदानावर आलेली नव्हती. तिने पदर कमरेला खोचला आणि दोरीला लागून सगळ्यात पुढे जाऊन बसली. बायकांत ती एकटीच होती, पण थोड्या वेळात संघातल्या आणखी एका मुलाची माय येऊन तिच्याशेजारी बसली.

पहिला डाव आम्ही म्हटल्याप्रमाणे झाला. विश्रांतीला आमचे कॉलेज १७-१६ असे एका गुणाने पुढे होते. डाव्या कोपऱ्याच्या मुलाने त्यांच्या मुख्य चढाईवाल्याला तीनदा घोट्याला धरून आपटले. दुसऱ्या डावात सात-आठ मिनिटे झाली असतील. त्याच मुलाने पुन्हा झेप घेतली आणि त्याच्या गुडघ्यावर दोन माणसे पडली. तो उठला नाही. त्याला उचलून बाहेर आणले. सरांनी बाकाकडे पाहिले आणि आमच्या मुलाने टॉवेल खाली ठेवला.

खरे सांगतो, त्या वेळी आम्हाला बाप म्हणून धडधड झाली आणि वहीवाला म्हणून आता आपले खरे होणार असेही वाटले. दोन्ही एकाच वेळी. हे लिहायला लाज वाटते, पण वाटले ते वाटले.

पहिल्याच चढाईत त्यांच्या गड्याने बोनस घेतला आणि जाता जाता आमच्या मुलाच्या खांद्याला हात लावून गेला. दोन गुण, मुलगा बाहेर. आमच्या मागून कोणीतरी "पोकळ!" म्हणून ओरडले. तो आमचाच शब्द होता. त्याच्या आईने मागे वळून पाहिले, ओरडणाऱ्याकडे नव्हे, आमच्याकडे.

थोड्या वेळाने आमच्या संघाने एक गडी मारला आणि मुलगा परत आत आला. त्यानंतर जे झाले ते सावकाश सांगतो. मैदानात आमचे तीनच गडी उरले होते. हे तीन गेले की लोण, म्हणजे त्यांना वरून दोन गुण. पण तिघे किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर अव्वल पकड, तिचे दोन गुण मिळतात. त्यांचा मुख्य चढाईवाला आला. उजवीकडे गेला, हूल दिली आणि डावीकडे वळला. आमचा मुलगा वाकला नाही, मागेच सरकत राहिला. आम्हाला वाटले भ्याला. चढाईवाल्यालाही तसेच वाटले असावे, कारण त्याने पाय लांब टाकला. मुलाने तो पाय धरला, आणि त्याच क्षणी शेजारची साखळी त्याच्या छातीवर होती. अर्ध्या क्षणाचाही फरक नव्हता. उजव्या कोपऱ्यावरचा तिसरा पोरगा पळत येऊन वरून पडला. पंचाने हात वर केला. दोन गुण.

त्याच्या आईने टाळी वाजवली नाही. तिने शेजारच्या बाईचा हात धरून ठेवला होता.

पुढे मुलाने आणखी एक पकड केली आणि एकदा बाद झाला. सामना आम्ही ३१-३४ असा हरलो. चार-पाच म्हटले होते, तीन गुणांनी गेला. दुसऱ्या दिवशी टपरीवर आमचा जयजयकार झाला. एसटीवाल्यांच्या तटाने चहा-भजी दिली आणि आमच्या पुढ्यात सगळ्यात मोठी पुडी ठेवली. शहरातला एक जुना सोबती म्हणाला, "जयभीम भाऊ, तुमची वही म्हंजे पंचांग हाय." आम्ही ती पुडी दुसऱ्याकडे सरकवली.

कारण आदल्या रात्री घरी वेगळेच झाले होते. मुलगा गुडघ्याला हळद लावून बसला होता. चार दिवसांनी तो आमच्याशी आपणहून बोलला. म्हणाला, "आप्पा, वही काढा."

आम्ही काढली. त्याने विचारले, "दुसऱ्या डावात आपले गुण कुठं गेले ते लिवलं का?"

आम्ही चढाई-चढाईचे टिपण ठेवतो. बघितले. दुसऱ्या डावात आमच्या दुसऱ्या क्रमांकाच्या चढाईवाल्याने अकरा चढाया केल्या होत्या आणि त्यातल्या नऊ रिकाम्या किंवा बाद. पहिल्या डावात त्याच पोराने पाच गुण आणले होते. पकडीचे गुण मात्र दोन्ही डावांत जवळपास सारखे होते. डावा कोपरा जायबंदी झाल्यावरही.

"तो पंपावर रातपाळी करून आला होता," मुलगा म्हणाला. "सकाळी सहाला सुटला, आठला टमटममधी बसला, सोबत बिस्किटाचा पुडा. दुसऱ्या डावात त्याचे पाय चालतच नव्हते. त्याच्या जागी जे दोघं आले असते ते ऊस तोडायला गेले. तुमी म्हनले सातांच्या मागं काही नाही. कोपऱ्याच्या मागं मी होतो, आप्पा. तुमी आमाला मोजलंच नाही."

मग त्याने जे सांगितले ते आमच्या मास्तरांनीही कधी सांगितले नव्हते. दोन वर्षे रोज संध्याकाळी सरावाला तो समोरच्या बाजूने उभा राहतो. मुख्य सातांना खेळायला समोर कोणीतरी लागते. सातच गडी असले तर सराव कोणाबरोबर करणार? त्यामुळे जी साखळी त्या दिवशी त्याच्या शेजारी आली, तिचा हात त्याला दोन वर्षे ठाऊक होता, कधी समोरून, कधी शेजारून, कारण मुख्य कोपऱ्याचा मुलगा आठवड्यातून दोन दिवस रानात कामाला जायचा आणि तेव्हा हाच त्याच्या जागी उभा राहायचा. त्यांच्या मुख्य चढाईवाल्याची हूलसुद्धा त्याने मोबाईलवर पाहून ठेवली होती. तो उजवीकडे गेला की डावीकडे वळतोच, आणि समोरचा मागे सरकला की लांब पाय टाकतो. म्हणून तो मागे सरकला होता. बाकावर बसून तो बाटल्याच भरत होता असे आम्हाला वाटायचे. सांगण्यासारखे म्हणजे, जालन्याच्या चौदा गड्यांपैकी बाहेरच्या गड्यांत त्या दिवशी फक्त एक बदल झाला. त्यांच्या सरांनी बाकीच्यांना हात लावला नाही. ती पोरे नुसती बसून घरी गेली. म्हणजे रेघेच्या खाली आकडा मोठा होता, पण त्याचा त्यांना त्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

आमचा निकाल बरोबर आणि कारण चूक. टपरीवर आम्ही हे सांगायचा प्रयत्न केला. कोणी ऐकले नाही. "निकाल आला ना भाऊ? मग भजी खा," एवढेच. निकाल बरोबर आला की कारणाची झडती कोणी घेत नाही. आम्हीही इतकी वर्षे घेतली नव्हती. मागच्या किती सामन्यांत असे झाले असेल कोण जाणे. जाकार्ताचे तेवढे खरे होते असे आम्हाला अजून वाटते.

वहीत आता एक नवा रकाना केला आहे. राखीव गड्याच्या नावापुढे तो सरावाला किती दिवस येतो, आणि कोणाच्या शेजारी उभा राहतो. आणखी एक रकाना मुलाने स्वतः आखला, त्यावर लिहिले, 'आदल्या रात्री झोप'. हसू नका. कॉलेजच्या पोरांच्या सामन्यात हा रकाना कोपऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे असे आता आमचे मत आहे. ज्यांची पोरे खेळतात त्यांनी सामन्याच्या आदल्या रात्री पोराला कामाला लावू नये आणि दोन अंडी जास्त द्यावीत. आम्हाला परवडत नाही म्हणणाऱ्यांना आम्ही काही म्हणत नाही, पण जमेल त्याने द्यावीत.

राहिली ठेकेदाराची गोष्ट. सामन्यानंतर आठवड्याने त्याचा माणूस घरी आला. हेल्परची जागा निघाली होती. आम्ही खाटेवर बसलो होतो, तोंडात शब्द जुळवत होतो. आम्ही बोलायच्या आत मुलाची आई दारातून म्हणाली, "पोरगं सकाळी मैदानावर जातं अन् दुपारी कॉलेजात. वर्षभर तरी रिकामं नाही." तो माणूस आमच्याकडे पाहू लागला. आम्ही मान हलवली. महिन्याला जे येणार होते ते आता येणार नाही, आणि त्याची ओढाताण कशी करायची हे आम्ही दोघे अजून बोलतोच आहोत. भरतीचे काय होईल यावर आम्ही भाकीत करत नाही. टपरीवरही सांगून ठेवले आहे, पोराविषयी विचारायचे नाही.

रविवारी पहाटे मुलाने उठवले. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावावे लागते आणि वेळ धरायला त्याला कोणीतरी हवे होते. रस्त्याच्या कडेला अंतर मोजून त्याने दोन ठिकाणी दगडावर चुना लावला होता. आम्ही चादर पांघरून, मोबाईलवरचे घड्याळ लावून पहिल्या दगडाजवळ उभे राहिलो. "मी हात वर केला की दाबा," तो म्हणाला आणि धुक्यात त्याच्या जागेवर गेला.